निवृत्त झाले, तरी पाय कारखान्याकडेच का वळतात?

सभासद बंधू-भगिनींनो,

मागच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवरचे सगळे विषय मंजूर झाले होते. आभाराचे भाषण सुरू होणार, तेवढ्यात मागच्या रांगेतले एक सभासद उठले आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, एक इचारू का? साठी झाली म्हणून ज्यांना शाल-नारळ देऊन घरी धाडलं, तीच माणसं दसऱ्यानंतर पुन्हा गेटातनं आत शिरताना दिसत्यात. मग आमच्या पोरांनी आयटीआय करून पारावर बसायचं का?"

सभेत हशा झाला, टाळ्याही पडल्या. अध्यक्षांनी थोडक्यात उत्तर दिले आणि सभा संपली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विचारणाऱ्याचा मुलगा फिटरचा कोर्स करून दोन वर्षे घरी बसला आहे, हे त्यांच्या शेजारी बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होते. आणि ज्यांच्याविषयी ते बोलले, त्यातले दोघे-तिघे सभासद म्हणून त्याच मंडपात खाली मान घालून बसले होते.

प्रस्तुत लेखकाने टाईम ऑफिसात तीस-पस्तीस वर्षे हजेरी मांडली. माणसे कामावर लागताना पाहिली, निवृत्त होताना पाहिली आणि परत येतानाही पाहिली. ती परत का येतात, याची कारणे एकदा नीट उलगडून सांगावीत म्हणून हा लेख. कारखाना तुमच्या मालकीचा आहे. कुणाला ठेवायचे आणि कुणाला नाही, हे शेवटी तुमच्याच पैशातून आणि तुमच्याच धोरणाने ठरते. तेव्हा माहिती पुरी असलेली बरी.

निवृत्ती ही गोष्ट आली कुठून?

आपल्या आजोबा-पणजोबांना 'रिटायर' हा शब्द माहीत नव्हता. शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, कुणालाच नव्हता. हात चालेल तोवर काम, आणि हात थकला की घरातल्यांच्या आधारावर ओसरी. वयाचा आकडा धरून पेन्शन द्यायची सरकारी पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जर्मनीत सुरू झाली. १८८९ साली तिथे वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला आणि वय ठरले ७०. पुढे १९१६ साली ते ६५ वर आणले. म्हणजे निवृत्तीचे वय हा निसर्गाचा नियम नव्हे. तो माणसांनी कागदावर ठरवलेला आकडा आहे आणि तो बदलत आलेला आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले, १९९८ साली ५८ वरून ६० झाले.

दुसरी गोष्ट आयुष्याची. देश स्वतंत्र झाला तेव्हा जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास धरले जाई. आज ते सत्तरीच्या घरात आहे. साठीला पोचलेला धडधाकट माणूस आणखी पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. पूर्वी निवृत्ती म्हणजे संध्याकाळ होती. आता तिसऱ्या प्रहरालाच माणसाला घरी पाठवतात आणि सूर्य मावळायला बराच अवकाश असतो. एवढ्या वेळाचे आणि एवढ्या वर्षांच्या खर्चाचे करायचे काय, इथून सगळे सुरू होते.

पहिले कारण : पेन्शनचा हिशेब

पुष्कळ सभासदांचा समज असा की कारखान्यातला माणूस निवृत्त झाला म्हणजे मास्तर-तलाठ्यासारखी त्याला भरभक्कम पेन्शन सुरू होते. तसे नाही. साखर कामगाराची पेन्शन ही कामगार पेन्शन योजना १९९५ खाली मिळते. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के या खात्यात जातात. पण ते सगळ्या पगारावर नव्हे, ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा १ जून २००१ पासून ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपये केली.

पेन्शन काढायची रीत सोपी आहे. पेन्शनला पात्र पगार गुणिले पात्र नोकरीची वर्षे, भागिले ७०.

एक उदाहरण घेऊ. आपला एक कामगार १९९० साली लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ५८ वर्षांचा झाला. पेन्शनसाठी त्याची नोकरी १९९५ पासून धरायची, म्हणजे २८ वर्षे. त्यातली सुमारे १९ वर्षे जुन्या मर्यादेची. साडेसहा हजार गुणिले १९ भागिले ७०, आले १,७६४ रुपये. उरलेली ९ वर्षे नव्या मर्यादेची. पंधरा हजार गुणिले ९ भागिले ७०, आले १,९२८ रुपये. वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी म्हणून दोन वर्षे जादा धरतात, आणि १९९५ पूर्वीच्या नोकरीची थोडी भर पडते. सगळे मिळून आकडा चार हजारांच्या थोडा पुढे जातो.

मंडळी, चार हजार! महिन्याचे. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज ठरली तेवढीच दहा वर्षांनी. पेन्शन किमान १,००० रुपये असावी असे २०१४ साली ठरले. ती साडेसात हजार करावी ही मागणी पेन्शनर संघटनांनी पुढे वर्षानुवर्षे लावून धरली. ज्या घरात बीपी आणि शुगरच्या गोळ्यांनाच महिन्याला हजार-दीड हजार लागतात, तिथे चार हजारांत उरते काय? (साखर कारखान्यात जन्म गेला त्याच्या रक्तात साखर निघावी, हा आमच्या खात्यातला जुना विनोद आहे. पण मेडिकलच्या दुकानातले बिल काही विनोदाने भागत नाही.)

आता ग्रॅच्युइटीचे पाहू. १९७२ च्या कायद्याने कायम कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळू लागला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच प्रमाण ठेवले आहे. महिन्याचे दिवस २६ धरतात. मूळ पगार आणि महागाई मिळून २६,००० असेल तर दर वर्षाचे १५,००० रुपये, तीस वर्षांचे साडेचार लाख. हा झाला कायम कामगार. हंगामी कामगाराला मात्र हंगामामागे सातच दिवस. त्याच पगारावर, तेवढ्याच तीस हंगामांचे दोन लाख दहा हजार. पेन्शनसाठी हंगामी माणसाचे वर्ष पुरे धरतात, ग्रॅच्युइटीला अर्धेही धरत नाहीत, ही गोष्ट पुष्कळ हंगामी कामगारांना निवृत्तीच्या दिवशीच कळते.

ही रक्कम हातात पडते तेव्हा मोठी वाटते. पण तिच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात. मुलीच्या लग्नाचे राहिलेले देणे, सोसायटीचे कर्ज, घराचा स्लॅब. वर्षाच्या आत पासबुक पुन्हा मोकळे. आणि आपल्या धंद्यात असेही कारखाने आहेत की जिथे पगारच महिनोन् महिने थकतात आणि निवृत्त माणसाला ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घालावे लागतात. कायदा म्हणतो तीस दिवसांत द्या, उशीर झाला तर व्याजासह द्या. पण कायदा एकीकडे आणि तिजोरी दुसरीकडे. अशा घरातला माणूस साठीनंतर काम शोधतो तेव्हा तो हौसेने शोधत नाही.

दुसरे कारण : हातातली विद्या

सगळेच पैशासाठी येतात असेही नाही. आपल्या बॉयलिंग हाऊसमधले एक पॅनमन घ्या. नाव सांगत नाही, वाचणारे ओळखतील. दोन्ही मुले नोकरीला, बागायत चार एकर, घरात कशाची ददात नाही. तरी दर वर्षी हंगाम जवळ आला की यांचा जीव थाऱ्यावर नसतो. घरातली माणसे म्हणतात, "बाबा, आता पुरं झालं." ते म्हणतात, "व्हय, पुरं झालं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोळी टाकायच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी हजर.

पॅनचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस शुद्ध होऊन आटून त्याचा पाक होतो, तो पॅनमध्ये निर्वात करून कमी उष्णतेवर शिजवतात. पॅनमनने नळीतून नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडाकडे धरून दाणा बघायचा. बोटांच्या चिमटीत तार धरून पाक किती घट्ट झाला ते ओळखायचे. पाक एकदम घट्ट होऊ दिला तर मूळ दाण्याच्या जोडीला बारीक खोटा दाणा पडतो. तो वेळीच ओळखून पाणी देऊन विरघळवला नाही, तर पुढे मशीनवर साखर नीट सुटत नाही, बारीक दाणा मळीबरोबर निघून जातो. तुमच्या शेतातली साखर मळीच्या टाकीत जाते, असा त्याचा सरळ अर्थ. उतारा घसरतो आणि एफ.आर.पी. तर उताऱ्यावरच ठरते.

आता पॅनवर मीटर आले, स्वयंचलित व्हॉल्व्ह आले. पण ऊस सगळा सारखा नसतो. जळका ऊस आला, तोडून तीन दिवस पडलेला शिळा ऊस आला, की रस बिघडतो आणि मीटर जे दाखवते त्याचा अर्थ लावायला माणूस लागतो. मागे एका हंगामात रात्रपाळीला पॅनवर तरुण मुलगा होता. हुशार, डिप्लोमा झालेला. रात्री दोनच्या सुमारास दाणा बिघडला, त्याला उमगेना. शेवटी याच आजोबांना मोटारसायकलवर पाठीमागे बसवून आणले. त्यांनी काच उजेडाला धरली, मुलाला म्हणाले, "घाबरू नको पोरा, वाफ कमी कर, पाणी सोड, अन् माझ्याशेजारी उभा राहा." पहाटेपर्यंत पॅन मार्गी लागले. घरी जाताना ते फार खुशीत होते. त्या रात्रीचा पगार त्यांना किती मिळाला हे त्यांना आजही सांगता येणार नाही, पण ती रात्र त्यांना पाठ आहे.

ही विद्या पुस्तकात पुरती सापडत नाही. मिलचा रोलर कधी चावतो, टर्बाइनचा आवाज कधी बदलतो, कोणत्या गटात कोणत्या पाण्याचा ऊस आधी तोडावा, हे ज्याच्या अंगात मुरले त्याला ते विसरता येत नाही. ज्याला आपण काहीतरी जाणतो याचा अभिमान असतो, त्याला 'आता तुमची गरज नाही' हे चार शब्द साठीच्या आकड्यापेक्षा जास्त म्हातारे करतात.

तिसरे कारण : भोंगा आणि घर

चाळीस वर्षे ज्याने भोंग्यावर चहा घेतला, भोंग्यावर जेवला, त्याला भोंग्याशिवायचा दिवस फार लांब वाटतो. पहिले पंधरा दिवस पाहुण्यांकडे जाण्यात जातात. पुढे देवळाचा कट्टा, पेपर, दुपारची झोप. मग घरात लुडबुड सुरू होते. नळ का उघडा ठेवला, लाईट का चालू आहे, भाजी कितीला आणली. सुना तोंडाने बोलत नाहीत, पण भांडी जोरात वाजू लागतात. माउली आयुष्यभर घरात राबली, तिला कधी निवृत्ती मिळालीच नाही. तीच शेवटी म्हणते, "अहो, तुम्ही कारखान्यातच बरे होता."

यात हसण्यासारखे आहे तसे बोचणारेही आहे. आपल्याकडे जो चार पैसे आणतो त्याला घरात विचारतात. बैल विकायचा की ठेवायचा, नातवाला कुठल्या शाळेत घालायचे, हे त्याला विचारून होते. पगार थांबला की विचारणेही हळूहळू थांबते. महिन्याच्या शेवटी नातवाच्या हातावर स्वतःच्या कमाईची दहाची नोट ठेवता यावी, एवढ्यासाठीही माणसे वॉचमनची काठी धरतात. ही लाचारी नाही. मान राखून जगण्याची धडपड आहे.

चौथे कारण : कारखान्याची अडचण

आता आपल्या बाजूचेही बोलू. माणसे नुसती येत नाहीत, आपण त्यांना बोलावतो. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा, कधी त्याहून कमी. तेवढ्यासाठी नवा माणूस घेऊन शिकवायचा, तर शिकेपर्यंत पट्टा पडतो. बॉयलरवर प्रमाणपत्र असलेलाच अटेंडंट लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही. चांगली तरुण मुले शिकून पुण्याकडे, चाकणकडे जातात, कारण तिथे बारा महिने काम आहे. मग शेतकी खाते असो की मिल, जुन्या माणसाला निरोप जातो, "अण्णा, एवढा हंगाम काढून द्या." ठरावीक मानधन, कायमपणाचा हक्क नाही, कटकट नाही. कारखान्याला हे स्वस्त पडते, हे कबूल केले पाहिजे.

आणि नेमके इथेच सभेतल्या त्या सभासदाचे म्हणणे खरे ठरते. जुना माणूस स्वस्तात मिळतो म्हणून आपण नवा माणूस तयारच केला नाही, तर दहा वर्षांनी जुनाही नसेल आणि नवाही नसेल.

बाहेर काय चालते?

आपल्या देशात २०१७-१८ साली वृद्धांची एक फार मोठी पाहणी झाली. पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांवर माणसांना भेटून माहिती घेतली. तीत दिसले की साठीच्या वरच्या तीन माणसांमागे साधारण एक जण काम करतो आहे, आणि त्यातले बहुतेक शेतीत. म्हणजे हा प्रकार आपल्याच गेटावरचा नाही. जपानात २०१३ पासून कायदा आहे की कामगाराची इच्छा असेल तर त्याला ६५ वर्षांपर्यंत काम द्यावे. २०२१ पासून ७० पर्यंत काम देण्याचा प्रयत्न करावा असेही त्यात घातले. तिथे गावोगावी वृद्धांची केंद्रे आहेत, ती त्यांना थोड्या तासांची हलकी कामे मिळवून देतात. म्हातारपणी काम करायचे तर ते थोडे, हलके आणि आपल्या मर्जीचे असावे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

उलट आपल्याच फडात बघा. मराठवाड्यातून येणारी ऊसतोड जोडपी. त्यांना साठी नाही, हार नाही, शाल नाही. पाठ वाकेपर्यंत कोयता चालतो, आणि कोयता थांबला की ती गावी नातवंडे सांभाळत राहतात. काम करायचे की नाही हे ठरवण्याची मुभा ज्याला आहे, त्याच्या कामाला निवड म्हणावे. ज्याला मुभाच नाही त्याच्या कामाला दुसरे नाव आहे.

आपला सातबारा कुणाच्या नावावर आहे?

सभासदांनो, राग मानू नका, पण एक प्रश्न आपल्यालाही विचारतो. कामगाराने साठीला खुर्ची सोडावी असे आपण म्हणतो. आपल्यापैकी किती जणांनी साठीला सातबारा मुलाच्या हाती दिला? पंचाहत्तरीचे सभासद रात्री बॅटरी घेऊन बारे धरायला जातात आणि चाळिशीचा मुलगा लागणीला कुठला वाण लावायचा ते वडिलांना विचारतो. शेअर वडिलांच्या नावावर, ऊसबिल वडिलांच्या खात्यावर, मत वडिलांचे. का? विचारले तर आपण म्हणतो, "आम्हांला बसून राहवत नाही, आणि हातात काही असल्याशिवाय कुणी विचारत नाही." अहो, पॅनमन आजोबा याहून वेगळे काय सांगतात?

तेव्हा दोष एकट्याचा नाही. जागा मोकळी करून द्यायची, पण माणूस मोकळा टाकायचा नाही, अशी वाट आपल्याला शोधायची आहे.

मग करावे काय?

पुढच्या वार्षिक सभेपूर्वी सभासदांनी विचार करावा म्हणून काही सूचना मांडतो.

१. निवृत्त माणसाला त्याच जागेवर परत घेऊ नये. जागेवर तरुण हंगामी कामगार घ्यावा आणि जुन्या माणसाला त्याच्या शेजारी, शिकवणारा म्हणून, एका हंगामापुरते बोलवावे. हंगाम संपताना चीफ केमिस्ट किंवा चीफ इंजिनिअरने त्या तरुणाची परीक्षा घ्यावी. शिकवून झाले, की गुरूची सुट्टी.

२. रात्रपाळी, उंचीवरचे काम, गव्हाणीजवळचे काम साठीनंतर कुणाला देऊ नये. डोळे आणि रक्तदाब तपासल्याशिवाय गेटपास नको.

३. मानधन लेखी ठरवावे. आपुलकीच्या नावाखाली कमी पैशात राबवून घेणे बरे नव्हे.

४. जे गरजेपोटी येतात त्यांचे देणे आधी द्यावे. ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार वेळेवर हातात पडला, तर निम्मे लोक कदाचित येणारही नाहीत.

५. निवृत्तीला दोन वर्षे असतानाच कामगाराने टाईम ऑफिसात येऊन कागद बघून घ्यावेत. आधार, प्रॉव्हिडंट फंड आणि बँक या तिन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकच आहे का? वारसाचे नाव लागले आहे का? पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०-डी, भरायला शिकून घ्यावे. पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते, पुढे नोकरी चालू असली तरी मिळते. ती ६० पर्यंत थांबवली तर दर वर्षामागे ४ टक्के वाढून मिळते. सुरू झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नये. साध्या स्पेलिंगच्या चुकीपायी वर्ष-वर्ष पेन्शन अडलेली आम्ही पाहिली आहे.

परवा तो आयटीआय झालेला मुलगा टाईम ऑफिसात अर्ज घेऊन आला होता. पॅनमन आजोबा तिथेच बाकावर बसले होते. त्यांनी त्याला विचारले, "काच उजेडाला धरता येते का?" पोरगा म्हणाला, "न्हाई आबा. शिकवशिला तर येईल."

आजोबांनी त्याला आपल्या शेजारी बसायला जागा दिली. अर्ज अजून संचालक मंडळापुढे जायचा आहे. मंजूर करायचा की कसे, ते त्यांच्या आणि तुमच्या हातात आहे.

आपला नम्र,
टाईम ऑफिसमधील एक जुना कामगार